माझे हात आणि मंजूचे शब्द

"ताई, हात मागे घ्या," पुण्याच्या स्पीच थेरपिस्ट बाई मला म्हणाल्या, "आणि आता तेच परत सांगा."

मी हात मागे घेतले आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीला म्हटलं, "मंजू, चेंडू टोपलीत टाक."

मंजू बघत राहिली. चेंडू तिच्या पायाशी, टोपली हातभर अंतरावर. मिनिटापूर्वी मी हेच सांगितलं तेव्हा तिने तो झटक्यात टाकला होता. आता ती कसनुसं हसली आणि माझ्या पाठीमागे डोकावली. माझे हात कुठे गेले, ते शोधत होती!



या दुखण्याचं नाव रिसेप्टिव्ह लँग्वेज डिले. म्हणजे ऐकू येतं, पण ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लागायला उशीर होतो. "हिचे कान उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "पण ती शब्दांवर चालत नाही. तुमच्या हातांवर चालते."

हे हात साधेसुधे नव्हते. मी पोलादपूरची बालवाडीताई. माझ्याकडे 'पाऊस' म्हटलं की दहा बोटं टपटपतात, आणि गोष्टीत वाघ आला की मी स्वतः चार पायांवर येते. 'दप्तरं भिंतीला लावा' हेसुद्धा साभिनय. पालक खिडकीशी उभे राहून फुकटात नाटक बघायचे. माझी मंजू त्या नाटकातली सगळ्यात हुशार नटी. 'चपला ओळीत लावा' म्हटलं की पहिली धावायची. मी ऐटीत सांगायचे, "नुसत्या इशाऱ्यावर चालते माझी पोर!"

खरंच चालत होती. इशाऱ्यावरच!

संशय आला तो सासूबाईंना. त्या वरंधकडच्या. दिवसभर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या आणि मान वर न करता बोलायच्या. एक दिवस म्हणाल्या, "गो, ही पोर माझा ऐकत नाय. तांब्या मागितला तर चुलीकडं बघत बसली."

"लाडावलीय आई ती."

"लाडाची पोर हसून पळते. ही घाबरते."

मी ते हसण्यावारी नेलं. दोन महिने! आजही आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

मग महाडचे कानाचे डॉक्टर. कानात मळ नाही, पाणी नाही. त्यांनी पुण्याला ऑडिओमेट्रीसाठी पाठवलं. म्हणजे कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज आला की ठोकळा बादलीत टाकायचा. मंजूने सगळे ठोकळे टाकले. मी तर तिथेच नाचायच्या बेतात होते. पण तिथले डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतंय, मग कळत का नाही ते बघायला हवं," आणि त्यांनी आम्हाला बाईंच्या खोलीत धाडलं. तिथे माझे हात पकडले गेले.

मी रडले. बाई म्हणाल्या, "तुमच्या हातांमुळे हे झालेलं नाही. हातांमुळे फक्त लपलं. पण जूनमध्ये ही पहिलीत जाणार. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलणार. पन्नास पोरांत हिला हात कोण दाखवणार?"

हा प्रश्न घेऊन मी वरंधा घाट उतरले. त्यानंतर दर पंधरवड्याला तोच घाट. उलट्या मंजूला नाही, मला.

घरचा अभ्यास असा होता. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, छोट्या वाक्यात. मग गप्प बसून मनात दहा मोजायचे. नाही कळलं तर तेच वाक्य, शब्द न बदलता. तरीही नाही, तर मगच हात. आणि सवयीचं काही सांगायचं नाही. ताटं वाढलेली असताना 'जेवायला बस' म्हटलं, तर ते ताटंच सांगतात.

मी आणि गप्प! पहिल्या दिवशी हात पदरात गुंडाळले, तर भिवया बोलायला लागल्या. सासूबाई ओरडल्या, "आता भिवया बांध गो तुझ्या!" भिवया आवरल्या, तर मान वाटीकडे वळली. शेवटी माझी रवानगी दाराआड झाली. तिथून मी म्हणायचे, "मंजू, वाटी पाटाखाली ठेव," आणि मोजायचे. सहापर्यंतच घाम फुटायचा.

खरी शिकवणी सासूबाईंची. मान खाली, हात सुपात, एकच वाक्य आणि मग शांतता. त्या आकडे मोजत नसत. पुढचा खडा सापडेपर्यंत थांबत.

तीन आठवडे काही नाही. चौथ्या आठवड्यात मंजूने पाटाखाली वाटीऐवजी चमचा ठेवला. मी कपाळाला हात लावला. पुण्याच्या बाई मात्र एसटीडीवर जवळजवळ ओरडल्या, "अहो, 'पाटाखाली' कळलं की तिला!"

मे महिना आला. सासूबाई अंगणात, घराकडे पाठ करून आमसुलं वाळत घालत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "मंजू, आतून चटई आण नि येताना दार लाव."

दोन कामं! दिसायला ना तोंड, ना हात! मी खिडकीबाहेर उभी. आठपर्यंत मोजलं आणि आतून आवाज आला,

"चटई आणते. दार नाय लावत. आत मांजर हाय."

बालवाडीताईची पोर बोलली ती थेट सासूबाईंच्या बोलीत! मी आत धावले. खरंच मांजर होतं, तांदळाच्या डब्यामागे, तीन पिल्लांसकट. सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने मात्र, "बघ, कशी उलट बोलते!"

जूनमध्ये मंजू पहिलीत बसली. पुढे वर्षभर पुण्याच्या फेऱ्या चालूच होत्या, आणि गुरुजींनाही सांगून ठेवलं होतं, आधी तिचं नाव घ्या, मग सांगा, मग थोडं थांबा. थांबले ते. सगळ्यांचे उपकार आहेत. तुमच्या घरात असं मूल असेल, तर आधी कान तपासा. कान बरे निघाले म्हणून घरी परतू नका. आणि घरातलं कुणी मान वर न करता काही सांगत असेल, तर त्यांचं ऐका.

आणि हो, मांजर सापडलं त्या संध्याकाळी मी आळीत पेढे वाटले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशाचे गो?"

"मंजूने आज आजीला उलट उत्तर दिलं!"

काकूंनी पेढा तसाच हातात धरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना आणखी एक दिला.