खंडेनवमीला घासलेली गुलाबदाणी

सातवीत शाळा सोडलेल्या बाईला संग्रहालयात नोकरी लागली, हे ऐकून परभणीला माझ्या आईनं एसटीडीवर दोनदा 'कुठं?' म्हणून विचारलं. मग म्हणाली, "तिथं तू काय करणार?" प्रश्न बरोबर होता.

ओतूरच्या बाजारपेठेत एका शेठजींनी दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत घरातली जुनी चांदी मांडली होती. अत्तरदाण्या, पानाचे डबे, तबकं. प्रत्येकाखाली पुण्याच्या एका अभ्यासक ताईंनी लिहिलेली चिठ्ठी: मुघल घाट, कच्छी नक्षी, इंग्रजी वळणाची किटली. मी झाडायचं, काचा पुसायच्या आणि कुणी आलं तर दिवे लावायचे. त्याआधी मी पिंपळवंडीला उन्हात कांदा काढत होते. पंखा असलेली ही नोकरी जाईल, या धास्तीनं मी काचा दिवसातून तीनदा पुसायचे.

चिठ्ठ्या वाचून 'शैली' हा शब्द मला फार आवडायला लागला. एकदा घरी पितळेचा तांब्या उचलून नवऱ्याला विचारलं, "ही कुठली शैली असंल?" तो म्हणाला, "पाणी दे."

मग खंडेनवमी आली. ज्यावर पोट चालतं ते त्या दिवशी घासूनपुसून पुजायचं, ही आमची रीत. नवऱ्यानं पाने-पक्कड घासले. माझं पोट चालत होतं चांदीवर. मी चिंच आणि रांगोळी घेऊन माडीवर गेले, कच्छी गुलाबदाण्यांच्या जोडीतली एक काढली आणि घासघास घासली.

शेठजी वर आले. "लई भारी, बाई. आमच्या आजोबांच्या वेळंला बी येवढी चमकत नसंल."

दुपारी चिठ्ठ्या बदलायला ताई आल्या, त्यांच्या मागून शेठजीही. गुलाबदाणी घेऊन खिडकीशी गेल्या.

"या वेलीच्या खाचांत काळं होतं ना?"

"होतं, ताई. लई चिवट. चिंचेला दाद देईना, मग टाचणीनं काढलं."

ताई स्टुलावर बसल्या. पानं उठून दिसावीत म्हणून कारागिरानंच ते काळं मुद्दाम राखलेलं असतं, त्यावरून शैली कळते, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कमरेच्या चाव्या काढून टेबलावर ठेवल्या.

"ह्या कशापायी?" शेठजींनी विचारलं.

"तुम्ही मागायच्या आधी देते."

"लई भारी कोण म्हणलं व्हतं? मीच ना? मग मला बी काढा की कामावरनं." चाव्या त्यांनी माझ्याकडे सरकवल्या.

ताईंना तेव्हा कुठे हसू आलं. जोडी पुन्हा एकाच कपाटात मांडली. खाली नवी चिठ्ठी: 'डावीकडची मूळ रूपात. उजवीकडची चुकीच्या पद्धतीनं घासलेली.' चिठ्ठीत माझं नाव घातलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

पुढच्या खंडेनवमीला मी झाडूला झेंडू वाहिला आणि कपाटाकडे पाठ करून बसले.

कॉलेजची पोरं येतात ती त्याच कपाटाशी सगळ्यात जास्त रेंगाळतात. "कुणी घासली ओ, मावशी?"

"होती एक बाई," मी म्हणते, आणि काच पुसायला घेते.