सासूबाईंनी ट्रॅम चालवली

माझा नवरा हॅनोव्हरच्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. दिवसभर गाड्यांत डोकं घातल्यावर माणूस घरी तरी दुसरं काही बोलेल, असं मला लग्नानंतर बराच काळ वाटायचं. मग त्याने जवळपास माझ्याच वयाची एक गाडी विकत घेतली आणि जुन्या गाड्यांच्या क्लबात नाव घातलं. क्लबात आम्ही सोडून सगळे निवृत्त जर्मन. त्यांच्या बायका सहलीला येताना विणकाम घेऊन येतात. ते पाहूनच मला काय ते कळायला हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात क्लबची सहल गावाबाहेरच्या ट्रॅम संग्रहालयाला निघाली. सासूबाई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे आल्या होत्या, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. त्यांनी सकाळी उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली. जाताना मागच्या सीटवर दोन्ही हातांनी खिडकीवरची कडी धरून बसल्या.

"अगं आई, किती हळू चाललोय आपण," नवरा म्हणाला.

"माहितीय मला. तू समोर बघ."

पोचल्यावर क्लबच्या मंडळींनी गाड्या एका ओळीत लावल्या, बॉनेट उघडली आणि एकमेकांची इंजिनं बघत तिथेच उभी राहिली. हीच इंजिनं त्यांनी मागच्या सहलीतही बघितली होती. शेवटी अध्यक्षांनी, म्हणजे सतत घड्याळ बघणाऱ्या एका उंच आजोबांनी, टाळ्या वाजवून सगळ्यांना आत हाकललं.

आतल्या जुन्या ट्रॅम नुसत्या बघायच्या नव्हत्या. एक ट्रॅम आवारातल्या रुळांवर फिरत होती, आणि ज्याला हवं त्याला ती थोडी चालवायलाही मिळत होती. शेजारी देखरेखीला एक बाई होत्या, पूर्वी शहरात ट्रॅम चालवणाऱ्या. डाव्या हाताचा दांडा फिरवला की वेग, उजव्या हाताचा फिरवला की ब्रेक आणि पायाखाली घंटा, एवढंच काम.

अर्थातच आमचे ब्रेकवाले पहिले. त्याने बाईंना आधी ब्रेकबद्दलच चार गोष्टी सांगितल्या. मग थांब्यापाशी असा काही ब्रेक लावला की उभी असलेली मी एका विणकामवाल्या आजींच्या मांडीवर जाऊन बसले. आजींनी सुया वेळेवर बाजूला घेतल्या म्हणून बरं.

"ब्रेक फारच चांगला आहे," नवरा खाली उतरताना म्हणाला.

मग त्या बाईंनी सासूबाईंकडे बघून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय ही?"

"तुम्हाला चालवायचीय का, विचारतायत."

त्या नको म्हणतील, हे मी धरूनच चालले होते. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि पुढे जाऊन उभ्या राहिल्या. बाई जर्मनमध्ये सांगत होत्या, सासूबाई मराठीत "हो, हो" म्हणत होत्या, त्यावर बाई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत होत्या. दोघींचं छान जमलं.

ट्रॅम हलली. सासूबाईंनी घंटा वाजवली, मग पुन्हा वाजवली. रुळांवर कुणी नव्हतं. कुंपणापलीकडे एक घोडा चरत होता, त्यालाही वाजवली. थांब्यावर अध्यक्ष हात वर करून उभे होते. आम्ही त्यांच्यासमोरून निघून गेलो. बाईंनी हसत सासूबाईंच्या हातावर हात ठेवला आणि ब्रेक लावला.

"अजून रूळ आहेत की पुढे," सासूबाई म्हणाल्या.

मला याचं भाषांतर करावंच लागलं नाही. बाईंनी त्यांना आणखी एक फेरी दिली.

जेवायला आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. नवरा पुन्हा बॉनेटांकडे गेला होता. दशमीचा तुकडा मोडता मोडता सासूबाई म्हणाल्या, "तुझे सासरे मला स्कूटर शिकवतो म्हणून मैदानावर न्यायचे. दर वेळी मला मागे बसवायचे, आपणच चकरा मारायचे आणि घरी आणायचे."

"तुम्ही चिडला नाहीत?"

"चिडायचं काय. वारा छान लागायचा." दशमीला चटणी लावत म्हणाल्या, "मग स्कूटर विकली त्यांनी."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात अध्यक्ष आले. आपल्याला थांब्यावर सोडून गेल्याबद्दल त्यांनी सासूबाईंचं गंभीर चेहऱ्याने अभिनंदन केलं. सासूबाईंनी त्यांच्या हातावर दशमी ठेवली आणि तिच्यावर चटणी. चटणी खाऊन अध्यक्षांचे डोळे भरून आले, पण त्यांनी दुसरी दशमी मागितली.

संध्याकाळी सासूबाईंचा खांदा दुखायला लागला. मी तेल लावून देत होते आणि त्या पुण्याला बहिणीशी फोनवर बोलत होत्या. त्यांच्या सांगण्यात ट्रॅमची एव्हाना आगगाडी झाली होती, आणि ती माणसांनी चांगली भरलेली होती. नवरा दुरुस्ती करायला तोंड उघडणार होता. मी तेलाच्याच हाताने त्याला गप्प बसायची खूण केली.