दोन नगांची सायकल

माझ्या मामेसासऱ्यांनी एकदा मनावर घेतलं, तर ते सिद्धेश्वराचं अख्खं तळं दोन चादरींत गुंडाळून, दाभणानं शिवून, एक थेंबही न सांडता दुपारच्या ट्रकनं अक्कलकोटला पोचतं करतील. ही अतिशयोक्ती आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी मामांना बांधाबांध करताना पाहिलेलं नाही. सोलापुरातल्या एका चादरी-टॉवेलच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात त्यांची सबंध नोकरी गेली. निवृत्त होऊनही हात काही थांबत नाहीत. आमच्या लग्नात रुखवतातली शेवयांची परडी त्यांनी अशी बांधली होती की माझ्या आईनं ती तिसऱ्या दिवशी, विळीवर धरून, देवाचं नाव घेत मोकळी केली. माणसांकडे बघण्याची त्यांची नजरही तीच. पहिल्या भेटीत मला आपादमस्तक न्याहाळून ते माझ्या होणाऱ्या बायकोला म्हणाले होते, "पोरगं बरं हाय, पण कडंनं जरा ढिलं वाटतंय." तेव्हापासून त्यांच्यासमोर मी नकळत शर्ट खोचून घेतो.

या माणसाची दोन ठिकाणी माया. एक सायकल आणि दुसरे त्यांचे एकमेव दोस्त, डिझाइनवाले. हे दोस्त त्याच कारखान्यात चादरींची नक्षी काढायचे. आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवून मोर उभा करायचे. ते नक्षी काढणार, माग ती विणणार आणि मामा ती बांधणार, असा तीन दशकांचा रिवाज. रोज सकाळी दोघं हिप्परग्याच्या तलावापर्यंत सायकलनं जायचे. मामांच्या घरची भाषा कानडी, दोस्तांच्या घरची तेलुगू. भांडायचे मात्र मराठीत, कारण तिथं दोघांचंही सारखंच अडायचं. पुढं दोस्तांची नजर अधू होत गेली. आधी कडा गेल्या, मग रंग गेले. शेवटी चंदीगडला नोकरीला असलेल्या मुलानं त्यांना आपल्याकडे नेलं. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा फोनवर ते मामांना म्हणाले, "आता सायकल संपली बघ. पोरगं हाताला धरून फाटकापर्यंत नेतंय, तेवढंच." मामांनी फोन ठेवला, समोरचं ताट बाजूला सारलं आणि भर दुपारी माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"जावईबापू, दोन सीटची सायकल असतीय का न्हाय?"

"असते की. परदेशात वगैरे..."

"परदेशाचं सोडा. होटगी रोडला आपला वेल्डर हाय."

आठवड्याच्या आत दोन जुन्या सायकलींची मिळून एक लांबलचक जोडसायकल तयार झाली. दोन सीट, पॅडलांच्या दोन जोड्या, हँडल फक्त पुढच्याच्या हाती. मामांचं गणित साधं होतं. पुढचा बघतो, मागचा पॅडल मारतो. मागच्याला दिसायची गरजच काय? हे गणित तपासायला अर्थातच माझी निवड झाली. माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला, तोही त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे भुवयांसकट. गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. पहिल्या वळणाला मी जी बोंब ठोकली ती सात रस्त्याच्या चौकापर्यंत ऐकू गेली असेल. मामा मान न वळवता ओरडले, "मागच्यानं वरडायचं न्हाय, मागच्यानं पॅडल मारायचं!" मग काय झालं कोण जाणे, पाय आपोआप जुळले, वारा कानांशी वाजायला लागला आणि मी टॉवेलाआड चक्क हसत सुटलो. इतका आनंद मला डोळे उघडे ठेवून फार क्वचित झाला आहे. उतरल्यावर मामांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "भाळ छलो!" म्हणजे फारच छान. खूश झाले की ते कानडीत जातात.

मामांनी सायकलीची बातमी कळवताच चंदीगडहून दोस्तांच्या मुलाचा निरोप आला, विमानाची दोन तिकिटं काढतो, तुम्ही आणि मामी या. मामींनी जमीन सोडायला साफ नकार दिला, म्हणून दुसऱ्या तिकिटावर माझी वर्णी लागली. सायकल रेल्वेनं पुढं पाठवू असं मी सुचवताच मामांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांचं तान्हं पोर एकटंच गाडीत बसवायला निघालो होतो. "ज्या गाडीत आपण न्हाय त्या गाडीत माल न्हाय," असा त्यांचा खात्यातला नियम. त्या क्षणापासून घरात एकच विषय उरला. सायकल विमानात न्यायची, तर कशातून?

इथून पुढचे पंधरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. मामांनी कुठून कुठून सायकलींच्या प्रवासी पेट्या मागवल्या. पुण्याच्या एका सायकलवेड्याकडून कडक प्लॅस्टिकची चाकंवाली पेटी आली, सोलापुरातल्याच एका डॉक्टरांकडून मऊ, जाड अस्तराची बॅग आली आणि सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याचे खोके तर रोज यायचे. प्रत्येक वस्तू दिवाणखान्यात मांडून मामा तिच्याभोवती लग्नाच्या मुलीभोवती फिरावं तसे फिरायचे, ठोकायचे, वास घ्यायचे, आत डोकं घालून आवाज द्यायचे. एकदा तर ते त्या प्लॅस्टिकच्या पेटीत स्वतः झोपले आणि मला झाकण लावायला सांगितलं. आतून प्रश्न आला, "बाहेरून कसं वाटतंय?" त्याच वेळी मामी चहा घेऊन आल्या होत्या. कप फुटला, पण पेटीला ओरखडा आला नाही, हे मामांनी आवर्जून नोंदवलं.

शेवटचा निकाल मात्र कडक भाकरीनं द्यायचा होता. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी पातळ. नुसतं वाकडं बोललं तरी तुकडे पडतील अशी. मामांचं म्हणणं, ज्या पेटीतून कडक भाकरी जिन्यावरून गडगडत जाऊन अख्खी राहील, तीच पेटी सायकलीच्या लायकीची. मामी कुरकुरत भाकऱ्या थापत होत्या, मामा त्या भरत होते आणि मी दुसऱ्या मजल्यावरून पेट्या ढकलत होतो. खालच्या भाडेकरूंनी पहिल्या दोन वेळा दार उघडलं, नंतर कडी घातली. प्लॅस्टिकच्या पेटीत भाकरीचा चुरा झाला. पुठ्ठ्यात तुकडे झाले. डॉक्टरांच्या मऊ बॅगेत निम्म्या वाचल्या. मग मामांनी भाकऱ्यांची चवड एका जुन्या चादरीत घट्ट गुंडाळली, वर बारदान शिवलं आणि गासडी स्वतः ढकलून दिली. खाली जाऊन उसवून पाहिलं, तर एकीला चीरसुद्धा नाही! मामा जिन्यातच नाचले. "माल हलला की मेला! पेटी कडक असून काय उपेग? आत गच्च पायजे, गच्च!" आणि मामी म्हणाल्या, "झालं ना? मग आता ह्या भाकरी कोण खाणार हाय?" त्या आठवड्यात आमच्या दोन्ही घरांत भाजी, आमटी, दही, सगळ्यात भाकरीचा चुरा होता.

तरी लांबीचा प्रश्न उरलाच. एवढी लांब गासडी कुठलंच विमान घेईना. मी हळूच म्हणालो, मामा, आपण नुसतेच जाऊ या. ते तडक सायकल ढकलत बाहेर पडले. दुसऱ्या सकाळी जाऊन पाहतो तो काय, होटगी रोडच्या वेल्डरकडे सायकल मधोमध कापलेली! तीन नळ्या कापून आतून दांडे सरकवायचे आणि बोल्ट आवळायचे, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. "दोन नग. एक माझ्या नावावर, एक तुमच्या." सायकलीला साजेशी पेटी मिळेना, तर पेटीला साजेशी सायकल करणारा हा पहिलाच माणूस. मामींच्या चार जुन्या इरकली साड्या, सहा चादरी आणि माझी एक गोधडी पोटात घालून दोन गासड्या शिवल्या गेल्या. टाका एवढा बारीक की मुंगीला वाट विचारावी लागली असती.

माझ्या गाडीच्या टपावर त्या दोन लांबट गासड्या बांधून आम्ही पुण्याकडे निघालो. टेंभुर्णीला चहाला थांबलो, तेव्हा हॉटेलवाल्यानं टपाकडं बघून डोक्यावरची टोपी काढली आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, पावणं?"

"गेलं न्हाय, चाललंय," मामा म्हणाले. "चंदीगडला. दोन कप साखर कमी."

आणि विमानतळावर आमची खरी गंमत झाली. तपासणीच्या यंत्रात मामांच्या गासडीत हवा भरायचा पंप दिसला. तिथले साहेब मराठीच होते, अगदी सभ्य. म्हणाले, "काका, हे जरा उघडा."

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी गासडीकडे पाहिलं. चेन नाही, पट्टा नाही, कुलूप नाही. तीन दशकं या माणसानं जगभर जाणाऱ्या गासड्या बंद केल्या होत्या. उघडायचं काम कायम दुसऱ्या टोकाच्या माणसाचं. ही गोष्ट उघडावी लागेल, हे त्या पंधरा दिवसांत त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. "सायेब, पॅकिंग उघडायचं आमच्या खात्याकडं न्हवतं," ते अगदी लहान आवाजात म्हणाले. दाभण आणि सुतळी कुठं आहेत विचारलं, तर तीही आत! टोकदार वस्तू जवळ ठेवू नका असं कुणीतरी बजावलं होतं, म्हणून मामांनी आज्ञाधारकपणे ती पोटात घालून शिवून टाकली होती. नग स्वीकारायची मुदत संपायला अर्धा तास. एक अर्धी सायकल पुढं जाऊन उपयोग शून्य. मामांच्या कपाळावर घाम आला आणि मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. "मास्तर फाटकात येऊन हुबा ऱ्हाईल हो," एवढंच ते पुटपुटले. मास्तर म्हणजे डिझाइनवाले.

बॅगांना प्लॅस्टिक गुंडाळणाऱ्या माणसाकडून साहेबांनीच कातर आणवली. गासडी उसवली. इरकल बाहेर आली, चादरी आल्या, शेंगाचटणीचा पुडा आला, तेव्हा तर मागची सगळी रांग माना उंचावून बघायला लागली. पंप निघाला, साहेबांनी तो पाहिला, परत दिला. आणि मग मामांच्या हातात दाभण आलं. काय सांगू! माणूस वीस वर्षांनी लहान झाला. गुडघा गासडीवर रोवला, "जावईबापू, कड धरा! सायेब, तुमी त्ये टोक वढा!" आणि साहेबांनी खरंच टोक ओढलं! दाभण सपसप आतबाहेर होत होतं, सुतळी माझ्या बोटांतून पळत होती, रांगेतली एक बाई नकळत टाके मोजायला लागली, कुणी फोन वर धरला. काउंटरवरची मुलगी "दोन मिनिटं राहिली" म्हणेतो मामांनी शेवटची गाठ मारून दातांनी सुतळी तोडली होती आणि दाभण फटीतून परत पोटात सरकवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि माझे डोळे का भरून आले ते मला तेव्हा कळलं नाही.

चंदीगडला दोस्त फाटकातच उभे होते. सायकल जोडून होईपर्यंत ते एका हातानं नळ्या चाचपत राहिले, पण बसायची वेळ आली तशी मागं सरले. "नको बे. पाडशील मला."

मामांनी त्यांचा हात धरून मागच्या सीटवर ठेवला. "मास्तर, तुझं डिझाइन मी कधी उलगडून बघिटलं का? तू म्हणलास मोर हाय, मी मोर म्हणून बांधलं. आता तू बस."

ते बसले. तिथले रस्ते रुंद आणि सरळ, दुतर्फा झाडं. मी काही अंतर मागून धावलो, मग दमून थांबलो. लांबून दोस्तांचा आवाज ऐकू येत होता, तेलुगूत, मोठमोठ्यानं, आणि मधेच मामांचा कानडीत. भांडत नव्हते म्हणजे. पाच दिवस रोज सकाळी ते दोघं जायचे आणि नाश्त्याची वेळ टळून गेल्यावर घामेजून परत यायचे. मुलाची बायको मला म्हणाली, बाबा इतकं जेवताना मी प्रथमच पाहते आहे.

परतायच्या दिवशी मामांनी एकच गासडी शिवली. मी दुसरीची वाट बघत सुतळी धरून बसलो होतो. "मागची ऱ्हाऊ दे हितंच," ते म्हणाले. "अर्धी त्याच्याकडं, अर्धी माझ्याकडं. मग जोडायला यावं लागतंयच की." दोस्त ओट्यावर बसले होते. त्यांनी मान हलवली, आणि येताना माझ्या नावावर एकही नग नव्हता.

आता सायकलीचा पुढचा अर्धा भाग मामांच्या गॅलरीत भिंतीला टेकून असतो. रविवारी फोन होतो. दोघंही आपापल्या अर्ध्याला तेल दिलं की नाही ते एकमेकांना विचारतात. गेल्या रविवारी मी तिथंच होतो. फोनवर बराच वेळ मामा नुसतं "हं, हं" करत होते. फोन ठेवल्यावर मामींना म्हणाले, "उजेड-अंधारबी कळंना झालाय त्याला." मग फडकं घेऊन हँडल पुसत बसले. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "जावईबापू, तिकिटं जरा लवकर काढू या का?"