साडूभाऊंचं आभाळातलं वर्तुळ

साडू हे नातं देवाने फावल्या वेळात गंमत म्हणून घडवलेलं आहे. रक्ताचं नाही, निवडलेलं तर नाहीच. दोन बहिणी आपापल्या परीने फसतात आणि त्यामुळे दोन पुरुष एका पंगतीत शेजारी बसून आयुष्यभर एकमेकांच्या ताटात डोकावत राहतात. माझे साडू धुळ्याचे, मी जळगावचा. ते शाळेत चित्रकलेचे शिक्षक, मी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा. वयाने मोठे म्हणून मी त्यांना साडूभाऊ म्हणतो. ते मला नावाने कधी हाक मारत नाहीत. "काय जळगाव, काय म्हणतं?" असं विचारतात, जणू अख्खा जिल्हा माझ्याच पोटात आहे.

त्यांची ख्याती होती एका वर्तुळासाठी. हातात खडू घ्यायचे, फळ्यासमोर पाय रोवायचे आणि खांद्यापासून हात एकदाच फिरवायचे. फळ्यावर परातीएवढं वर्तुळ उमटायचं. कुठून सुरू झालं आणि कुठे मिटलं, ते शोधायला पोरं फळ्याला नाक लावायची. मग साडूभाऊ स्वतःच शेजारी गुण लिहायचे. दहापैकी नऊ. नेहमी नऊच.

"दहावा कुठे गेला, सर?"

"दहावा कंपासचा. त्याचा मान त्याला."

असा हा माणूस. निवृत्ती दारात आलेली, बरोबरीचे लोक हास्यक्लबात जाऊन खोटं खोटं हसायला लागलेले, आणि एक दिवस यांचा फोन. "जळगाव, आपण ड्रोन बनवू."

"लग्नाच्या शूटिंगचा धंदा काढताय का?"

"धंदा नाही रे. शौक. चार पंख्यांचा, छोटा. तू तारांना सोल्डरचे डाग दे, बाकी मी बघतो."

इथे मी जरा चमकायला हवं होतं. बारीक कामात माझ्यावर विश्वास टाकणारा हा माणूस नव्हे. एकदा मी त्यांच्या रेडिओला डाग दिला, तर म्हणाले होते, "ही कल्हई केलीस की ओकारी?" पण शौक ऐकून मी असा हरखलो की बाकीचं कानात शिरलंच नाही.

भाग कुरियरने आले. कार्बनची काळी चौकट, अंगठ्याएवढ्या चार मोटरी, आणि मधोमध पोस्टाच्या तिकिटापेक्षा किंचित मोठं एक सर्किट, तेच ड्रोनचं डोकं. कुठली मोटर किती फिरवायची, हे तेच ठरवतं. माझ्या दुकानाच्या मागच्या टेबलावर दर रविवारी आमची कार्यशाळा भरायची. मी डाग द्यायचो आणि साडूभाऊ मागे हात बांधून सूचना द्यायचे. मागे हात बांधून, हे आता आठवतं. वजन अडीचशे ग्रामच्या आत ठेवलं की नियमांचा काच कमी, म्हणून तयार झालेला ड्रोन आम्ही ओळखीच्या सराफाकडे नेला. त्याने सोन्याच्या काट्यावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीरपणे म्हणाला, "तेवीस तोळे. हॉलमार्क करून देऊ का?"

मेहरूणच्या तलावाच्या बाजूला सकाळी पहिलं उड्डाण केलं. मान पहिला साडूभाऊंचा. ड्रोन उचलला, डोक्यावर गेला आणि ओल्या कुत्र्यासारखा अंग झाडायला लागला. पडत नव्हता, पण ठरतही नव्हता. एका लयीत थरथरत होता.

"पाती वाकडी असतील," साडूभाऊ म्हणाले.

पाती बदलली. थरथर तशीच. मग मोटरी बदलल्या. सर्किटखाली रबराच्या चकत्या घातल्या, स्क्रू सोडून पुन्हा आवळले. शेवटी ते डोकंच बदललं. माणसाला एवढे उपचार केले असते तर तो कंटाळून बरा झाला असता. थरथर जागच्या जागी.

"द्या इकडे," म्हणून एका रविवारी मी रिमोट हिसकावला. ड्रोन वर नेला. खुंटीला टांगल्यासारखा ठरला! वाऱ्यात जरासा झुकला आणि परत जागेवर आला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांच्या पंगतीत पहिल्यांदा माझ्या ताटात जास्त वाढलं होतं. मी तलावाकडे तोंड करून भाषणच ठोकलं, "ऐका हो ऐका! यंत्र निर्दोष आहे! खोट सगळी धुळ्याच्या हातात आहे!"

साडूभाऊ हसले. उकडत होतं, म्हणून त्यांनी शर्टाचं वरचं बटण ओढलं. टच् असा आवाज झाला. मग त्यांनी रिमोट परत घेतला. ड्रोन पुन्हा थरथरला, पण मी जिंकलेला होतो आणि जिंकलेला माणूस आभाळाकडे बघत नाही, हरलेल्याच्या तोंडाकडे बघतो. तोंडावरून माझी नजर खाली हातांवर गेली.

उजवा अंगठा रिमोटच्या काडीवर टेकलेला होता. तो आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर चोळले जात होते, तळहातावर तंबाखू मळावी तसे. साडूभाऊ तंबाखूला हात लावत नाहीत.

माझं भाषण तिथेच संपलं.

त्या दिवशी त्यांना धुळ्याला सोडायला मी गाडी काढली. कारण काहीच नव्हतं, बस होती की. एरंडोलला चहाला थांबलो. त्यांनी मोठ्या ग्लासात अर्धाच चहा मागितला, हिंदकळला तरी सांडू नये म्हणून. ग्लास दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "नाशिकला दाखवलं. कंपवात."

"औषध?"

"चालू आहे. कमी होतं, जात नाही. जाणारही नाही. वाढत जाईल, असं डॉक्टर फार गोड आवाजात म्हणाले."

"अक्काला?"

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्यांची बायको. "नाही सांगितलं," ते म्हणाले. "आणि तू तुझ्या घरी बोललास तर पोचलंच. शाळेतही माहीत नाही. प्रोजेक्टर आला, म्हणून मी खडू सोडला, असं सगळे समजतात. एवढे महिने निघाले की निवृत्ती. मग थरथरेना का. वर्तुळवाले सर म्हणून जायचंय मला, थरथरे सर म्हणून नाही. पोरं नावं ठेवण्यात किती तरबेज असतात, मला विचार. मीच शिकवलीत."

"मग हा ड्रोन कशाला काढलात? हात दिसणारच ना त्यात."

तेव्हा ते जे हसले, तसं हसणं मी पुन्हा बघितलं नाही. "वेडा आहेस. ड्रोन उडाला की माणसं कुठे बघतात? सगळे वर बघतात रे. भर मैदानात उभं राहून हात मोकळे सोडायला दुसरी जागाच नाही."

आम्ही दोघांनी चहाचे पैसे देण्यावरून भांडण केलं. काहीतरी नेहमीचं करायला हवं होतं.

पुढे बेत शिजला तो बातमी आल्यावर. शाळेच्या मुख्याध्यापिका उत्साही बाई. त्यांनी निरोप समारंभाची पत्रिका छापली आणि तिच्यात घातलं, 'सरांचं शेवटचं वर्तुळ'. साडूभाऊंनी फोनवर ते वाचून दाखवलं. मी उठून उभा राहिलो. गावच्या गणपतीच्या नाटकात मी दर वर्षी राक्षस करायचो. रंगभूमी माझ्या रक्तात आहे.

"फळ्यावर काढायचंच नाही!" मी म्हणालो. "आभाळात काढायचं! ड्रोनला खाली लाल फीत बांधू. तुम्ही रिमोट घेऊन मैदानाच्या मधोमध उभे राहा. मैदानभर वर्तुळ! फळा कोण विचारतो मग?"

"आणि ते वर्तुळ थरथरलं म्हणजे?"

"तुमचा रिमोट बंद असेल. खरा माझ्याकडे. मी पाण्याच्या टाकीमागे."

पलीकडे साडूभाऊंनी पत्रिकेची घडी घातल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "जळगाव, तू लबाड आहेस हे मी लग्नातच ओळखलं होतं."

लळिंगच्या बाजूच्या माळावर आम्ही तालीम केली. मी उडवायचो आणि ते शेजारी उभे राहून बंद रिमोटच्या काड्या हलवायचे. "उजवीकडे चेपतंय. वारा बघ. खांद्यापासून काढ, मनगटातून नको." माझ्या हातात त्यांचं वर्तुळ उतरवायला त्यांनी जो जीव काढला, तेवढा कुठल्याही पोराचा काढला नसेल. ड्रोनच्या फितीचं टोक सुरुवातीच्या जागी परत आलं की ते डोळे मिटून घ्यायचे.

समारंभाचा दिवस. मैदानात सतरंज्या, त्यांवर पोरं, पुढे खुर्च्यांत पाहुणे, पहिल्या रांगेत अक्का आणि माझी बायको. मी टाकीमागे, पायाशी शेवाळ, कानाशी डास. साडूभाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात रिमोट घेऊन मध्ये आले. टाळ्या झाल्या. ड्रोन उचलला आणि लाल फीत सुटली. मी श्वास धरून वर्तुळ काढलं. मोठं, सावकाश, भरदार. सगळी शाळा तोंड उघडून वर बघत होती. शेकडो हनुवट्या एकाच दिशेला फिरताना मी पाहिल्या, आणि त्यांच्या मधोमध साडूभाऊंचा उजवा हात मोकळा सुटला होता. पिंजऱ्यातून काढलेल्या पाखरासारखा फडफडत होता, आणि कुणाचंही लक्ष नव्हतं.

कुणाचंही म्हणजे एक सोडून. अक्काने मान वर केलीच नव्हती. ती समोर बघत होती, नवऱ्याच्या हाताकडे. मला वाटलं, उन्हाचा तिला त्रास होत असेल.

वर्तुळ मिटलं. मैदान ओरडलं. मी टाकीमागे एकटाच वाकून नमस्कार करत होतो, तेवढ्यात माईकवर बाईंचा आवाज आला. "वा, वा! आभाळातलं झालं. आता सर, फळ्यावरचं! त्याशिवाय आम्ही सोडणार नाही!"

दोन शिपायांनी फळा उचलून मंचावर आणला. बाईंच्या हातात खडू होता, त्याला लाल रिबिनीचं फूल बांधलेलं. पोरांनी सूर धरला, "सर, वर्तुळ! सर, वर्तुळ!"

मी हातात होतं ते सगळं केलं. ड्रोन मंचाच्या वर आणला, डावीकडे लोळवला, उजवीकडे लोळवला. झपकन खाली आणून कडुनिंबाला प्रदक्षिणा घातली. पात्यांचा आवाज असा काढला की मधमाश्यांचं मोहोळ उठावं. बघा रे, वर बघा! अरे, कुणीतरी वर बघा!

एकही मान वर झाली नाही.

साडूभाऊंनी रिमोट टेबलावर ठेवला. खडू घेतला. फळ्यासमोर पाय रोवले, जुन्या सवयीने. हात खांद्यापासून उचलला.

रेषा निघाली ती करवतीच्या दात्यांसारखी. अर्ध्यावर गेली आणि आत वळायला लागली, लहान लहान होत गेली. हाताला मोठं काढायचं होतं, पण तो आतच खेचला जात होता. शेवटी रेघ थांबली, तेव्हा सुरुवातीचं टोक बाहेर राहिलं होतं आणि शेवटचं आत. दोघांची भेटच नाही. पुढच्या सतरंजीवर कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग ते हसूही मध्येच तुटलं.

साडूभाऊ एक पाऊल मागे सरले. डोकं तिरकं करून त्यांनी ते तपासलं, वहीतलं तपासावं तसं. मग पुढे होऊन शेजारी गुण लिहिले. आकडा इतका बारीक होता की मला टाकीमागून दिसला नाही. नंतर कळलं. दोन.

टाळ्या वाजल्या. अशा टाळ्या मी फक्त शोकसभेत चुकून वाजलेल्या ऐकल्या आहेत.

मी तसाच उभा होतो. ड्रोन वर घोंघावत होता, बॅटरी संपत आल्याची शिटी वाजवत होता. बाजूला पावलं वाजली. अक्का टाकीला वळसा घालून आली होती. ती घरात नेहमी आमच्या खानदेशीतच बोलते.

"उतारा ते आते खाले, भाऊजी," ती म्हणाली. "बठ्ठासनी दखी लिनं."

सगळ्यांनी बघितलं होतं. मी ड्रोन उतरवला. फीत शेवाळात पडली.

"अक्का, तुम्हाला कधीपासून..."

ती मंचाकडे निघालीही होती. मंचावरून उतरणाऱ्या साडूभाऊंकडे जाऊन तिने त्यांची कॉलर सैल केली. टच्.

संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही चौघं बसलो होतो. हारांचा वास खोलीभर. साडूभाऊंनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता. आता तो ज्याच्यापासून लपवावा असं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो मनसोक्त हलत होता. गोड आवाजाचा डॉक्टर खोटं बोलला नव्हता. पुढे चमचा जाणार होता, मग सही, मग चालणं. खोलीतल्या प्रत्येकाला ते दिसत होतं, आणि तरी गप्पा चालल्या होत्या जेवायला काय करायचं याच्या.

"जळगाव," ते म्हणाले, "तुझ्या वर्तुळाला सात."

"सातच?"

"वाऱ्याने उजवीकडे चेपलं होतं. सांगून सांगून थकलो."

अक्का आतून त्यांचे शर्ट घेऊन आली. सगळे. तेव्हा मी पहिल्यांदा जवळून पाहिले. काजांच्या जागी तिने आतून टिचबटणं शिवली होती, नुसती ओढली की उघडणारी, दाबली की बसणारी. आणि वरून, जगाला दिसावीत म्हणून, जुनी बटणं तशीच टाचलेली. नवऱ्याने काही सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

तिने डब्यातून ब्लेड काढलं, पहिला शर्ट मांडीवर घेतला आणि वरची खोटी बटणं एकेक करून उसवायला सुरुवात केली.