दाराआडचं इंग्रजी

माझ्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या खानदेशात धुंडाळून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला आमच्या व्याह्यांशेजारी बसवू नका, दोघं मिळून गावाचा जीव खातील. माणूस म्हणाल तर लाख मोलाचा. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. खोड एकच. तुम्ही काहीही सांगायला जा, ते हात वर करून विचारणार, "थांबा, यातलं आधी काय झालं?" फैजपुरात त्यांनी सारा जन्म इंग्रजी शिकवलं, निवृत्त होऊन केळीच्या बागेत रमले, पण इंग्रजीतला पूर्ण काळ काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. दोन गोष्टी घडल्या असतील तर जी आधी उरकली तिला 'हॅड' लावायचं, हाच त्यांचा देवधर्म. एकदा गल्लीतले एक आबा वारले. शेजारचा माणूस धापा टाकत सांगायला आला, की डॉक्टर आले नि आबा गेले. नाना पायात चपला सरकवता सरकवता विचारतात, "डॉक्टर आल्यावर गेले, की डॉक्टर आले तेव्हा गेलेलेच होते?" तो बिचारा रडायचं विसरून विचारात पडला. मग म्हणाला, "गेलेलेच होते, नाना." "मग डॉक्टरांना बोल लावू नका," म्हणून हे खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे.

हो, सगळे त्यांना नानाच म्हणतात, मीही म्हणते. व्याह्याला नावाने हाक मारायची आमच्यात रीत नाही. रीत तर लेकीच्या घरचं पाणीही न पिण्याची होती, पण गुडघ्याने दावा साधला आणि अमळनेरला माझं करणारं कुणी नाही म्हणून मी चांगली पाच-सहा महिने वैशालीकडे राहिले, आणि पाणी सोडा, भरीत-भाकरी हाणली. माझी विहीण हयात नव्हती. जावई नोकरीला धुळ्यात, खोली करून राहायचा, शनिवारच्या एसटीने यायचा आणि सोमवारी अंधारात निघून जायचा. घरात वैशाली, नाना आणि पाय लांब करून बसलेली मी. अशा घरात माणूस एक तर भांडतं नाहीतर शिकतं. भांडायला नाना तयार होईनात, म्हणून मी इंग्रजी शिकले.

त्यांची शिकवण्याची तऱ्हाही वेगळीच. बागेतून आणलेला घड दारापुढच्या ओट्यावर टांगायचा आणि सांगायचं, हा दांडा म्हणजे मुख्य वाक्य, ही फणी म्हणजे गौण वाक्य. फणी कधी हवेत लोंबकळत नाही, दांड्याला धरून असते. म्हणून फणीतलं काम कधी झालं ते दांड्याकडे बघून ठरवायचं. दांडा कालचा असेल तर त्याच्याही आधी उरकलेल्या फणीला 'हॅड', दांडा आजचा असेल तर 'हॅव'. आणि दांडा उद्याचा असला तरी 'व्हेन'च्या फणीत 'विल' घालायचं नाही, तिथेही 'हॅव'च. काम अजून झालेलंच नसताना इंग्रज ते झालं असं धरून पुढचं बोलतो, हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे, जणू इंग्रजांना ही अक्कल त्यांनीच दिली. मी म्हटलं, त्यात काय मोठंसं? आमच्याकडे म्हणतातच की, "पानी पडनं का पेरसूत," पाणी पडलं की पेरू. आभाळात ढग नसतो, पण पाणी पडून गेलेलं असतं. नाना घडाकडे बघत राहिले. मग त्यांनी एक पिकलेलं केळ तोडून माझ्या हातात दिलं. त्यांच्या वर्गात बक्षीस असंच मिळत असणार.

पण खरा वर्ग माझा नव्हता, वैशालीचा होता. धुळ्यातल्या एखाद्या इंग्रजी शाळेत तिला नोकरी लागली, तर दोघं नवराबायको एका गावात नांदणार होती. लग्न झाल्यापासून त्यांचा संसार एसटी महामंडळाच्या वेळापत्रकावर चाललेला. शिक्षण होतं, डोकं होतं, अडायचं ते बोलण्यात. शिकवायला घरातच मास्तर, पण मास्तर पडले सासरे. त्या घरात सून सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर खाली पडू देत नाही, समोर बसत नाही, नजरेला नजर देऊन बोलत नाही. कुणी सक्ती करत होतं असंही नाही. विहीण असताना होतं, ते तसंच राहिलं. सारं गाव ज्यांच्या हाताखालून शिकून गेलं, ते नाना घरच्या सुनेला चहा मागायचा तर ओट्यावर नुसते खोकायचे.

तेव्हा शिकवणी अशी चाले, की नाना ओट्यावर, दाराकडे पाठ, तोंड गल्लीतल्या निंबाकडे. वैशाली स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून भाकरी थापतेय. मधे पडदा, आणि पडद्याशी मी. आधी सगळं माझ्यामार्फत. "विहीणबाई, तिला विचारा, मी स्टँडवर पोचलो त्याआधी बस सुटलेली होती, कसं म्हणशील?" पुढे माझी दलाली सुटली. नाना निंबाला प्रश्न टाकायचे, आतून भाकरीच्या थापांतून खणखणीत उत्तर यायचं. "व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट." आवाज पार कोपऱ्यापर्यंत जायचा. दूधवाला माप ओतून "आय हॅव गिव्हन" म्हणू लागला, आणि समोरच्या वहिनी नवऱ्याशी भांडताना त्याला आधी काय झालं ते विचारू लागल्या. पोरीचं इंग्रजी झालं मात्र असं पक्कं, की मला वाटलं, आता हिला कोण अडवतो.

जळगावच्या एका शाळेची मुलाखत आली. धुळ्याच्या आधी सराव होईल म्हणून गेली. संध्याकाळी परतली ती तडक चुलीपाशी. मी विचारलं तर म्हणाली, "माय, मी भिंतीशी बोलून आले." मुख्याध्यापक पांढऱ्या केसांचे, नानांच्या वयाचे. ते समोर बसले आणि हिचा हात आपोआप डोक्यावर गेला, पदर ओढला गेला, मान वळली. प्रश्न विचारला की ही बाजूच्या भिंतीकडे बघून, ओट्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, अगदी बिनचूक उत्तर देतेय. ते गृहस्थ दोनदा उठून भिंतीपाशी बघून आले म्हणे. शेवटी चांगुलपणाने म्हणाले, की ताई, तुमचं इंग्रजी उत्तम आहे, पण पोरांकडे पाठ करून कसं शिकवाल? मला हसू फुटलं. मग तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि तोंडातलं तोंडातच राहिलं.

नानांनी ओट्यावरून सारं ऐकलं होतं. आधी काय झालं, असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. ताट तसंच परत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओट्यावर दोन खुर्च्या, समोरासमोर, अख्ख्या गल्लीला दिसतील अशा. नाना मला म्हणाले, "तिला सांगा, पदर खांद्यावर घेऊन ये म्हणावं. धुळ्याच्या मुलाखतीला अजून अवकाश आहे." मी त्यांना हळूच म्हटलं, की नाना, ती धुळ्याला गेली म्हणजे हे घर तुम्हाला एकट्याला खायला उठेल, विचार केलाय का? ते खुर्ची फडक्याने पुसत राहिले. पुसून झाल्यावर म्हणाले, "माझं आणि हिचं सारखं आयुष्य उरलंय का, विहीणबाई?"

वैशाली आली. बसली. आणि कोण जास्त लाजलं म्हणाल तर नाना. तिच्याकडे बघायचं सोडून त्यांनी डोळेच मिटून घेतले. पहिले काही दिवस दोघंही एकमेकांच्या चपलांना इंग्रजी शिकवत होती. गल्ली येता-जाता थबके, मी हातवारे करून हाकलत असे. मग एका सकाळी नानांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, तुझ्या मनातलं एक वाक्य बोल, पुस्तकातलं नको, आणि माझ्याकडे बघून बोल. तिने मान वर केली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठून आत पळणार.

"नाना," ती म्हणाली, "आय डिड नॉट नो दॅट यू हॅड ग्रोन सो ओल्ड."

तुम्ही इतके म्हातारे झालेले आहात, हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून पोरीने सासऱ्याचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा बघितला होता. नाना म्हणाले, "वाक्य बरोबर आहे." आणि उठून बागेत गेले, ते दुपारीच परतले.

धुळ्याची नोकरी तिला लागली. समोर बसलेल्यांच्या डोळ्यांत बघून बोलली, असं सांगताना तिचा फोनवरचा आवाजच निराळा होता. आता दोघं तिथे एकत्र आहेत, सुटीला येतात. माझा गुडघाही सुधारला, मी अमळनेरला परतले, पण महिन्याकाठी फैजपूरला चक्कर होते. चहा नानाच करतात, साखर जास्त घालतात, आणि मी तो पिते. संध्याकाळी धुळ्याहून व्हिडिओ कॉल येतो. नाना फोन असा धरतात, की पलीकडे नुसतं त्यांचं कपाळ दिसतं. मग तिकडून वैशालीचा आवाज येतो, "नाना, कपाळ नको, तोंड दाखवा." आणि मग नाना फोन हळूहळू खाली, तोंडासमोर आणतात.