न धुतलेला शर्ट

सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धूळ तरंगताना दिसते. लोक तिच्याकडे कौतुकाने बघतात. मला आई दिसते, दारात उभी राहून बाबांचा खाकी शर्ट झटकणारी. बाबा अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते, संध्याकाळी धुळीने पांढरेफटक होऊन घरी यायचे. घरात घाण नको म्हणून आई त्यांचा शर्ट बाहेर नेऊन दोनदा झटकायची, मगच भिजवायची.

बाबा खोकून खोकून गेले. पुढे कित्येक वर्षांनी आईला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही पण कारखान्यात होतात का?"

"नाही हो," आई म्हणाली, "मी नुसते कपडे धुतले."

ती गेल्यावर कारखान्याचे जुने मोठे साहेब भेटायला आले. "वय झालं होतं," म्हणाले. ते आईपेक्षा मोठे, आणि आमचे तीन जिने कुठेही न थांबता चढून आले होते.

नंतर माळ्यावर बाबांचा एक न धुतलेला शर्ट सापडला. तो मी पिशवीत गाठ मारून ठेवलाय. साहेबांच्या बंगल्यावर जायचं, त्यांच्या दिवाणखान्यात उन्हात उभं राहायचं आणि तो दोनदा झटकायचा, आईसारखाच. मग धूळ खाली बसेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. रोज सकाळी मी मनात हे करते.

मग आठवतं, तिथेही केर काढायला कुणीतरी बाई येतच असेल.

मी पिशवीला आणखी एक गाठ मारते. शर्ट टाकून मात्र देत नाही.