शनीचं तेल, विठ्ठलरावाचा ट्रॅक्टर

नलूनं सूड घेतला, अन् मले लय बरं वाटलं. हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो. गावातल्या शहाण्या बाया मले म्हणाल्या, "इंदूबाई, तू तिची जोडीदारीण. तू तरी तिले जाऊ दे म्हणायचं होतं." कायले म्हणू? ज्याचं जळते त्यालेच कळते.

मी अन् नलू गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत होतो. आमचं गाव वणीच्या रस्त्यावर, दिवसभर कोळशाचे ट्रक धूळ उडवत जातात. नलूचा नवरा उकंडा त्यातलाच एक चालवते, चार दिवस घरी तं पंधरा दिवस रस्त्यावर. लेकरूबाळ झालं नाही. मंग शाळेतलीच लेकरं तिची. कोणत्या पोट्ट्याले मिरची चालत नाही, कोणती पोट्टी लाजून दुसऱ्यांदा मागत नाही, सगळं तिले पाठ. मी फोडणी देऊ लागली की माझ्या हातातला सराटा हिसकून घे. म्हणे, "तुले लसूण जाळायची खोड हाय वं, सर बाजूले." भांडकुदळ बाई! पण तिची खिचडी खाल्ली की लेकरं ताट चाटत.

आता तेलाचं ऐका. गावाच्या शिवेवर शनीचा चौथरा हाय. दर शनिवारी लोकं येतात, देवावर तेल ओततात, आपली साडेसाती त्या तेलासंग जाऊ दे म्हणून हात जोडतात. ते तेल चौथऱ्याखालच्या सिमेंटच्या टाक्यात जमा होते. टाकं भरून वाहू लागे, नालीत घाण, चिखल, कुत्रे घसरून पडत. पण उपसायले कोणी तयार नाही. गावभराची साडेसाती कोण अंगावर घेणार, बाप्पा?

नलूचं घर बौद्ध. ती म्हणे, "आमच्या घराचा पत्ता साडेसातीले माहीतच नाही. मी उपसतो." तिच्या भावाचा पोरगा प्रफुल्ल, त्यानं वणीकडं एक शेड टाकलं होतं. हॉटेलातलं, ढाब्यावरचं जळकं तेल गोळा करायचं अन् त्याचं गाडीत घालायचं बायोडिझेल बनवायचं. त्याले तेल पाहिजेच होतं. देवस्थानवाले म्हणाले, ने बाई, तेवढी घाण तं जाईल.

मी एकदा तिच्यासंग शेडात गेलती. तेलातली रुईची पानं, उडीद, खिळे नलू आधीच गाळून आणे. प्रफुल्ल ते तेल तापवे, त्यातलं पाणी पुरतं उडवून लावे, मंग कॉस्टिक सोडा अन् मिथेनॉल कालवून त्यात टाके अन् घुसळे. मंग ठेवून दे. तळाशी चहाच्या रंगाचं घट्ट ग्लिसरीन बसे अन् वर तेलाहून पातळ, पिवळं बायोडिझेल. ते तो वेगळं काढे, पाण्यानं धुवे, परत वाळवे. पहिल्या खेपेले मात्र पाणी नीट उडालंच नव्हतं. सकाळी पाहते तं काय, अख्ख्या टाकीचा साबण! प्रफुल्लनं कपाळावर हात मारला. नलू हसली अन् त्यातला एक मोठा गोळा घरी घेऊन आली. वर्षभर वाळवला अन् त्याच्या वड्या पाडल्या. तेव्हापासून हात धुवायले तोच. गावात बातमी पसरली, शनीच्या तेलाचा साबण होते. नलू कोणाले दुरुस्त करत बसली नाही.

अन् मंग विठ्ठलराव. शाळा समितीचा अध्यक्ष, घरी ट्रॅक्टर, थ्रेशर, अंगात मस्ती. त्याच्या भावजयीले शाळेत कामाले लावायचं होतं, अन् जागा तं दोघींचीच. पालकसभेत उठला अन् म्हणाला, "ज्या हातानं ही बाई शनीचं तेल उपसते, त्याच हातानं आमच्या लेकरायले वाढते. गावाची साडेसाती लेकरायच्या ताटात येऊन राह्यली, अन् तुम्ही गुमान पाहून राह्यले?"

नलू म्हणाली, "विठ्ठलराव, हात साबणानं धुतो मी. घासून धुतो."

तो म्हणाला, "काही काही गोष्टी धुतल्यानं जात नाहीत, नलूबाई."

तो काय बोलला ते सभेतल्या सगळ्यायले समजलं. शनी नुसता तोंडी लावायले होता. मी उठून बोलली, भांडली, पण माझं कोण ऐकते! दुसऱ्या दिवशी पोट्टे डबे घेऊन आले. घरच्यायनं सांगितलं होतं, तिच्या हातचं खायचं नाही. एक लहानी पोट्टी नलूजवळ ताट घेऊन आली तं तिच्या मोठ्या भावानं हात धरून ओढत नेली. नलूनं ते पाहिलं. हेडमास्तर रामराव सर मान खाली घालून म्हणाले, "नलूबाई, थोडे दिवस थांबा." नलूनं खिचडीचं मोठं गंज-पातेलं घासून पालथं घातलं, सराटा माझ्या हातात देला अन् गेली.

मी संध्याकाळी तिच्या घरी गेली. मले वाटलं, रडत असेल. कायची रडते! चुलीपुढं बसली होती, डोळे लाल, पण ते रागानं.

"ते काम सोडून दे," मी म्हणाली. "तेलाचं काम सोडलं तं शाळेत परत घेतील."

"मेली तरी सोडणार नाही," ती म्हणाली. "धुतल्यानं जाते, हे मी त्याच्याच तोंडून वदवीन. चार लोकायत वदवीन. मंगच शाळेत पाय ठेवीन."

"असं कसं वदवशील?"

"ते मले नाही माहीत. पण वदवीन."

अन् पहा, देव म्हणा, नशीब म्हणा, काही दिवसांनी प्रफुल्ल आला अन् बोलता बोलता बोलला, "आत्या, तुमच्या गावचे विठ्ठलराव माझे पक्के गिऱ्हाईक झाले. ट्रॅक्टरले, थ्रेशरले माझंच तेल नेतात. डिझेलपेक्षा स्वस्त पडते ना." नलूच्या हातातली भाकर तव्यावरच राह्यली. मंग ती अशी हसली की माझ्या अंगावर काटा आला.

"प्रफुल्ल," ती म्हणाली, "शनीचा माल यापुढं वेगळ्या टाकीत शिजव. अन् विठ्ठलरावाच्या ड्रमात तोच भर. माल चोख पाहिजे बरं, त्याच्या इंजिनले खोकला यायले नाही पाहिजे."

"असं काहून, आत्या?"

"मी सांगतो म्हणून."

झालं. दर शनिवारी लोकं साडेसाती ओतत, नलू उपसे, प्रफुल्ल शिजवे, अन् विठ्ठलराव नांगरे. त्याच तेलावर पेरणी, त्याच तेलावर सोयाबीन काढलं. इकडं शाळेत त्याची भावजय मले बाजूले सारून पाण्यासारखी खिचडी करे अन् लेकरं ती कुत्र्यायले टाकत. मी रोज येऊन नलूले सांगो, ती दात दाबून ऐके. म्हणे, "थांब. त्याले वर चढू दे. उंचावरून पडला की जास्त लागते."

त्या साली त्याले पीकही छप्पर फाडून झालं. नवा ट्रॅक्टर घेतला. शनी अमावस्येले चौथऱ्यावर पूजेले आणला, झेंडूच्या माळा, बँड, अख्खं गाव गोळा. रामराव सरही आलते. विठ्ठलराव लोकायले सांगून राह्यला होता, "आपल्या जुन्या ट्रॅक्टरले वर्षभर दुरुस्तीचा एक खिळा लागला नाही. शनीमहाराजाची कृपा!" मंग तेलाचा डबा उचलला अन् देवावर ओतू लागला.

नलू बादली घेऊन पुढं आली. आवाज चढवला नाही, पण बँडवाले आपोआप थांबले.

"सावकाश ओता, विठ्ठलराव. तुमचंच तेल हाय, तुमच्याचकडं येणार हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे या टाक्यातलं तेल साबणाले जात नाही. त्याचं बायोडिझेल होते. प्रफुल्लच्या शेडातून तुमच्या ड्रमात येते. या हंगामाची तुमची सगळी नांगरट, पेरणी, थ्रेशर, सगळं गावाच्या साडेसातीवर चाललं. हा नवा ट्रॅक्टरही तेच पिऊन इथवर आला."

काय सांगू तुम्हाले, लोकं ट्रॅक्टरपासून असे मागं सरले, जसं बॉनेटमधून काही बाहेर येणार हाय. ज्यानं थ्रेशर भाड्यानं नेलं होतं तो ओरडला, "विठ्ठलराव, माझ्या खळ्यात काय आणून घातलं तुम्ही?" विठ्ठलरावाचं तोंड पांढरं पडलं. डबा हातात तसाच.

"अरे बाबांनो, असं काय करता!" तो म्हणाला. "ते तेल तापवलं, त्यात औषधं टाकली, पाण्यानं धुतलं. धुतल्यावर त्यात कायची साडेसाती राहते? धुतलं की गेलं ना सगळं!"

नलूनं बादली खाली ठेवली.

"पुन्हा म्हणा."

त्यानं डबा खाली ठेवला.

"तेल धुतलं की साडेसाती जाते. अन् माझे हात धुतले तं काहून नाही जात, विठ्ठलराव?"

विठ्ठलराव लोकायकडं पाहे, लोकं रामराव सरायकडं पाहत. सरायनं घसा खाकरला अन् म्हणाले, "नलूबाई, उद्यापासून... म्हणजे सोमवारपासून शाळेत या."

"येईन. पण पहिल्या दिवशी विठ्ठलराव लेकरायच्या पंगतीत बसतील अन् माझ्या हातचं खातील. नाही तं त्यायनं आताच सांगावं, साडेसाती ट्रॅक्टरात हाय."

सोमवारी तो आला. न येऊन करते काय! लेकरायसंग वऱ्हांड्यात मांडी घालून बसला. नलूनं वाढलं. त्यानं खाल्लं. तिनं पुन्हा वाढलं. तो म्हणाला, "बस, पोट भरलं." ती म्हणाली, "लेकरं पाहून राह्यले. ताटात टाकू नका." अन् अजून एक सराटा घातला. त्यानं तोही संपवला. ती लहानी पोट्टी बाजूले बसून तोंड उघडं टाकून पाहत होती.

तो हात धुवायले नळावर गेला तं नलू मागं गेली. पदराखालून एक करडी वडी काढली अन् पुढं धरली.

"साबण घ्या. शनीच्याच तेलाचा हाय. मी याच्यानंच धुतो."

घरी येताना मी तिले विचारलं, "माफ केलं का त्याले?"

"माफ कायले करू?" ती म्हणाली. "वाढलं ना."